उलट्या पानावरची इल्झाबाइन

या, जरा जवळ सरका. ऑर्गनच्या या बाकावर दोघांना जागा आहे. एक गोष्ट सांगते. पाद्रीबाबांनी ती गाऊन सांगितली असती तर जास्त बरं झालं असतं, कारण गायलेलं प्रवचन माझ्या थेट काळजात जातं. पण ते म्हणतात, या गोष्टीला चाल बसत नाही.

आमच्या होल्टरबेक गावाला साडेसातशे वर्षं झाली, तेव्हा मिरवणूक ठरली. पहिल्या घोडागाडीत बसायचा मान गावातल्या सर्वांत जुन्या आणि अब्रूदार घराण्याला. कौलांचा धंदा करून निवृत्त झालेल्या फोल्कमार डेटमरिंगना ती गाडी हवी होती. इतकी, की त्यांनी टोपी आधीच शिवून घेतली. समितीची अट एकच होती: घराण्याचा मूळ पुरुष आमच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत दाखवायचा.

मूळ पुरुष म्हणजे योहान हेन्रिक. १८१६ सालच्या त्याच्या लग्नाच्या नोंदीत लिहिलं होतं, वय पंचवीस, जन्म इथलाच. म्हणजे १७९१. पण वह्यांची जी सूची संगणकावर चढवली आहे, तिच्यात त्या साली डेटमरिंग नावाचं कुणीच नाही. दुसरा कुणी म्हणाला असता, सूची अर्धवट असेल. फोल्कमार तसे नव्हेत.

"हेडाताई, नोंद मुद्दाम लपवलीय," ते मला म्हणाले. वह्या मीच सांभाळते ना. "त्या साली जहागीरदार शिकारीला इथं उतरला होता. आता तुम्हीच समजून घ्या."

"मी काय समजून घेऊ?"

"रक्त, ताई, रक्त. माझं नाक बघा."

त्यांची बायको गेझिने शेजारी विणत बसली होती. "बटाट्यासारखं आहे हो ते. जहागीरदार बटाटे लावायला आला होता वाटतं."

आठवड्याभरात त्यांनी कुलचिन्ह काढून घेतलं: रानडुक्कर, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट. ते कोटावर लागलं, टपालपेटीवर चिकटलं. टपालवाला रोज कमरेत वाकून पत्रं देऊ लागला. ती थट्टा आहे हे फोल्कमार सोडून सगळ्यांना कळत होतं.

मिरवणूक चार दिवसांवर आली, तेव्हा मी १७९१ची मूळ वही काढली. सूची करणारी मंडळी भली, पण शहरातली. त्यांना आमच्या जुन्या पाद्र्यांची रीत ठाऊक नव्हती. लग्नाविना झालेलं मूल वहीच्या शेवटी, वही उलटी धरून लिहायचं. उलटी अक्षरं दिसली तशी त्यांनी ती पानं सोडून दिली होती. मी फोल्कमार आणि गेझिने दोघांना बोलावून वही फिरवली.

"वाचा," मी म्हणाले.

फोल्कमारनी चष्मा लावला. योहान हेन्रिक. आई अ‍ॅना इल्झाबाइन डेटमरिंग, गिरणीवरची मोलकरीण. बाप गावोगाव सुऱ्यांना धार लावत हिंडणारा, निघून गेला. बाप्तिस्म्याला घंटा वाजवली नाही.

त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला.

"डुकराच्या जागी आता धारेचा दगड काढा," गेझिने म्हणाली, पण हात त्यांच्या पाठीवर ठेवून.

"मुकुट तरी राहील का?" त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे नाव तिचंच चालत आलंय. आणि तिच्या पोराला साधी घंटासुद्धा नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी गाडीवरचा हक्क सोडला, समितीला कारण सांगून. गंमत पुढेच आहे. वही उलटी करता येते हे गावाला कळलं, आणि एकेक अब्रूदार घराणं माझ्या दारी येऊ लागलं. "ताई, आमच्या पूर्वजांच्या काळची वही फार जीर्ण झालीय. उगीच हलवू नका." समितीच्या अध्यक्षांची तर कंबरच धरली. रविवारी पहिली गाडी रिकामी गेली. ताठ होते ते फक्त घोडे.

फोल्कमार त्या वेळी घंटेच्या दोरीशी होते, नवी टोपी घालून. माझ्या परवानगीने त्यांनी घंटा वाजवली, अगदी बेताल आणि मनापासून.

आता प्रार्थनेला बसाल तेव्हा एवढं करा. गिरणीवरच्या त्या अ‍ॅना इल्झाबाइनची आठवण काढा. तिचं नाव सुलटं घ्या.