बिनधुराचा बार

भीमानं बार काढला की त्याच्यापुढं पांढऱ्या धुराची भिंत उभी राहायची. वारा असला तर ती लगेच फाटायची. पण नान्नजच्या माळावर भल्या सकाळी वारा पडलेला असला, की धूर जागचा हलत नसे आणि पलीकडं लांडगा पडला की पळाला हे कळायला त्याला ताटकळत थांबावं लागे.

बंदूक त्याच्या बापाची. बाप एका संस्थानाच्या शिकारखान्यात चाकरीला होता. चाकरी संपताना ही जुनी मार्टिनी रायफल आणि काडतुसांच्या मूठभर पितळी नळ्या त्याला मिळाल्या. बाप गेल्यावर परवाना भीमाच्या नावावर झाला आणि गावच्या मेंढरांची राखण त्याच्याकडं आली. बार झाला की रिकामी नळी उचलून आणायची, धुऊन वाळवायची, तळाशी ठिणगीची नवी टोपी बसवायची, मापानं काळी दारू भरायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. हे काम भीमाची आई मथुराबाई करायची. नवऱ्याच्या हाताखाली शिकलेली बाई. तिनं भरलेला बार कधी फुसका गेला नव्हता.

त्याच धुरात धोंडीराम गेला.

धोंडीराम भीमाचा पाठचा भाऊ. अंगानं सडपातळ, तोंडानं बडबड्या, आईचा जीव. एका सकाळी पिसाळलेला लांडगा मेंढरांच्या कुंपणात शिरला. धोंडीराम काठी घेऊन पुढं धावला, भीमानं मागनं बार काढला. नेम चुकला. धुराची भिंत उभी राहिली आणि त्या भिंतीच्या आतून भावाची किंकाळी आली. भीमानं दुसरं काडतूस घातलंसुद्धा. पण मारायचं कुठं? आत लांडगाही होता आणि धोंडीरामही होता. बंदूक खांद्याला लावून तो तसाच उभा राहिला. धूर विरला तेव्हा लांडगा नव्हता. धोंडीराम मांडी घालून बसला होता आणि दोन्ही हातांनी गळा धरून भीमाकडं बघत होता. बैलगाडी सोलापूरच्या वेशीला पोचायच्या आत तो संपला.

त्यानंतर कितीतरी दिवस भीमानं बंदूक भिंतीवरनं काढली नाही. पण लांडगे काही थांबत नाहीत. पुन्हा ओरड झाली, पुन्हा त्यानं बार काढला आणि धूर उभा राहिला तसा त्यात धोंडीराम उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, मान जराशी कलती. त्यानं तोंड उघडलं, काही बोलायचं असल्यासारखं. पण आवाज आला नाही. धूर विरत गेला तसे आधी त्याचे पाय गेले, मग कंबर, आणि शेवटी तोंड. भीमाच्या हातातनं बंदूक खाली पडली.

एकदा झालं असतं तर भास म्हणून सोडून देता आलं असतं. पण दर बाराला तेच. शेवटी एके दिवशी न राहवून त्यानं आईला सांगितलं. त्याला वाटलं, आई रडेल, देवरुषी गाठील, अंगारा लावील. मथुराबाईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "वाळलाय का रं?"

"कोन?"

"धोंड्या. वाळलाय का? घोंगडी तीच हाय न्हवं, काळ्या काठाची?"

त्या दिवसापासून बार वाजला की मथुराबाई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. लांडगा पडला का, असं ती विचारायची नाही. "दिसला का?" एवढंच. भीमा मान हलवायचा. मग तिला सगळं सांगावं लागे: कुठं उभा होता, कसा बघत होता, तोंड कितपत उघडलं. पुढं पुढं ती लांडगा नसतानाही म्हणू लागली, "उगं एक बार काड की. त्येला तरी दुसरी वाट कुटली हाय?"

घरात हे दोघंच होते. भीमाची बायको सोजरबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अक्कलकोटच्या अंगाला गेलेली. भीमाला रात्री झोप लागेना. दिवसा बंदुकीकडं नजर गेली की तो तोंड फिरवायचा. आपल्याला पोर होणार, याचा आनंदही त्याला नीट होईना. आपण आईच्या दारात त्या मेलेल्याला घेऊन येणारा हमाल झालोय, असं त्याला वाटू लागलं.

बाजाराला गेला असता तो सोलापुरात निंगप्पाच्या दुकानात शिरला. निंगप्पा बंदुका दुरुस्त करायचा; भीमाच्या बापापासूनची ओळख.

"निंगप्पाण्णा, धूर न होनारी दारू असती म्हनं?"

"असते की. आता पलटणीत तीच वापरतात," निंगप्पा म्हणाला. "पण ती तुझ्या बंदुकीला नको."

"का?"

"तुझ्या नळीचं लोखंड काळ्या दारूच्या बेतानं घडवलंय. काळी दारू गोळीला रेटत नेते, ही एकदम लाथ मारते. काळी मावते तेवढी ही भरलीस, तर गोळी पुढं जायच्या ऐवजी बंदूक मागं फुटेल. तुझ्या तोंडावर."

"आन् थोडी घातली तर?"

"थोडी म्हणजे किती, हे मला ठाऊक नाही, भीमा. आणि मला ठाऊक नाही ते मी कुणाच्या बंदुकीत घालत नाही." मग त्यानं भीमाच्या तोंडाकडं बघितलं. "तुला धुराचा एवढा कंटाळा का आला एकाएकी?"

भीमा दुकानाची पायरी उतरला.

निंगप्पानं दिली नाही ती दारू त्याला चन्नवीरकडं मिळाली. चन्नवीर महायुद्धात इराकात बसऱ्याकडं जाऊन आलेला शिपाई; आता स्टेशनामागं चहाचं दुकान चालवायचा. त्यानं एक लष्करी काडतूस दाताखाली धरून गोळी उपटली आणि नळी तळहातावर उपडी केली. आतून दाणे पडले नाहीत. मधाच्या रंगाच्या बारीक शेवया सरकत बाहेर आल्या.

"ही दारू?" भीमानं विचारलं.

"हीच. हिच्यानं मारणारा दिसत नाही आणि समोरचा मात्र लख्ख दिसतो," चन्नवीर म्हणाला आणि शेवयांची एक जुडी त्यानं कागदात गुंडाळून दिली.

भीमा वेडा नव्हता. निंगप्पाचं बोलणं त्यानं डोक्यात ठेवलं होतं. त्यानं आईला बाजूला सारून काडतुसं स्वतः भरली. शेवयांचे बारीक तुकडे तळाशी थोडेसेच घातले, वरची जागा कापसानं भरली आणि गोळी बसवली. पहिला बार त्यानं हातात धरून काढलाच नाही. बंदूक बाभळीच्या बुंध्याला बांधली, चापाला दोरी लावली आणि लांब बांधाआड पालथं पडून ओढली. आवाज निराळाच झाला. नेहमीचा ढुम्म नव्हे. चाबूक ओढल्यासारखा कोरडा. बंदूक शाबूत होती. नळीच्या तोंडाशी उदबत्तीएवढी धुराची रेघ तरंगत होती, तीही बघता बघता गेली.

दुसरा बार त्यानं खांद्यावरनं काढला, आणि समोर बघितलं. माळ होता. वाळलेल्या गवताचे पांढरे तुरे होते. लांब एक टिटवी ओरडत उडाली. बाकी कुणी नव्हतं. भीमानं बंदूक खांद्यावरनं उतरवली. भावाला आपण दुसऱ्यांदा माळावर सोडून चाललोय असं त्याला वाटलं, आणि तरीही छातीवरची धोंड उतरल्यासारखं हलकं वाटत होतं.

मथुराबाई दारात उभीच होती. "बार येगळा वाजला."

"नवी दारू हाय."

"दिसला का?"

"धूरच न्हाय आई, तर दिसंल कुटं?"

हे बोलताना आपल्या आवाजात आनंद आहे हे त्याच्या ध्यानात आलं. पण शब्द तोंडातनं गेला होता. मथुराबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग आत जाऊन भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी ती जेवली नाही.

आठवड्याभरात भीमानं एक लांडगा पाडला. समोरचं सगळं लख्ख दिसत होतं, नेम बरोबर लागला, गावानं कौतुक केलं. मथुराबाई मात्र दारात आली नाही. ती चुलीपुढं बसायची, ओलं लाकूड लावायची आणि धूर डोळ्यांत जाऊन पाणी आलं तरी धुरात बघत राहायची. भीमानं एकदा दंडाला धरून उठवलं, तर म्हणाली, "ह्यात न्हाय येत त्यो. त्येला बंदुकीचाच लागतो."

"आई, त्येला आता जाऊ दे."

"तुला रं काय? तुला तर दिसत हुता. मला कुटं दिसला?"

भीमानं तिचा दंड सोडला.

पुढं एके सकाळी कुंपणाकडून कुत्र्यांचा गलका झाला. भीमानं बंदूक घेतली, कोनाड्यातलं एक काडतूस उचललं आणि धावला. काडतूस हाताला जड लागलं. ते त्याला जाणवलं. पण ओढ्याच्या काठावर लांडगी उभी होती, तोंडात कोकरू होतं आणि विचार करायला वेळ नव्हता. त्यानं नेम धरला आणि चाप ओढला.

आवाज त्याला ऐकूच आला नाही. कुणीतरी तोंडावर आणि हातावर एकदम घाव घातल्यासारखं झालं आणि तो उताणा पडला. डावा डोळा उघडला तेव्हा वर आभाळ नव्हतं. पांढरा, दाट धूर होता आणि त्याला गंधकाचा जुना, ओळखीचा वास होता.

धुरात धोंडीराम उभा होता. कधी नव्हे इतका जवळ. तो खाली वाकला, भीमाच्या तोंडावर तोंड आणून त्यानं ओठ उघडले. या खेपेला आवाज आला.

"धोंड्याऽ! अरं धोंड्याऽ!"

आवाज आईचा होता. मथुराबाई त्याच्या मागोमागच आली होती. पदर पडलेला, हात पुढं पसरलेले. ती धुरात शिरली आणि भीमाच्या अंगावरनं पुढं निघून गेली. पुढं जाऊन ती गोल गोल फिरत राहिली. आंधळ्यानं भिंत चाचपावी तशी धुरात हात घालत होती. "कुटं हायेस? हितं हाय मी. बोल की रं!" भीमानं तिला हाक मारायचा प्रयत्न केला, पण तोंडात रक्त भरलं होतं. पडल्या पडल्या तो आईकडं बघत राहिला. ती दुसऱ्याला शोधत होती.

धूर विरला. मथुराबाईनं वळून पाहिलं आणि मगच तिला भीमा दिसला.

उजवा डोळा गेला. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. सोलापूरच्या इस्पितळात तो पडून असताना निंगप्पा भेटायला आला. फुटलेली बंदूक त्याला पोलिसांनी दाखवली होती.

"तीच दारू घातलीस ना?"

"व्हय."

"पण नळीच्या तळाशी काळी काजळी कशी, भीमा? नुसत्या त्या दारूची तशी बसत नाही. बार झाला तेव्हा धूर आला होता का?"

मथुराबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"न्हाय," भीमा म्हणाला. "धूर न्हाय आला. मीच शेवया जास्ती घातल्या."

निंगप्पानं एकदा त्याच्याकडं आणि एकदा म्हातारीकडं बघितलं, आणि तो उठून गेला.

निंगप्पाच्या वहाणांचा आवाज दूर गेला. मग मथुराबाई खाली बघतच म्हणाली, "तुज्या काडतुसात वरची जागा मोकळीच हुती रं. कापूस काडला आन् तितं काळी घातली. धूर यावा म्हनून."

"ठाव हाय मला."

"तुला कायबी हुईल, आसं मनात आलंच न्हाय बघ माज्या."

"त्येच तर," भीमा म्हणाला, आणि त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. तिनं त्याच्या पायावर हात ठेवला. त्यानं पाय काढून घेतला नाही, पण वळूनही बघितलं नाही.

संक्रांत झाल्यावर सोजरबाई मुलीला घेऊन परत आली. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून ती उंबऱ्यातच थबकली, मग पुढं येऊन तिनं पोर मथुराबाईच्या ओटीत घातली. भीमा समोरच बसला होता. म्हातारीनं दुपटं बाजूला केलं, मुलीचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि ती बघू लागली. कपाळ बघितलं, हनुवटी बघितली. बोटानं मुलीचे ओठ हलकेच उघडून बघितले. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कपाळ धोंड्याचं हाय गं. आन् मान बघ, तशीच कलती..."

भीमा उठला. एका हातानं पोर उचलायची सवय अजून झाली नव्हती. त्यानं डावा हात खाली घातला, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांचा आधार दिला आणि मुलीला मथुराबाईच्या ओटीतनं उचलून छातीशी धरलं. मुलगी रडू लागली.

"आई," तो म्हणाला, "पोरीचं त्वांड पोरीचंच हाय. तिच्यात कुनाला हुडकायचं न्हाय."

मथुराबाईनं रिकाम्या ओटीवर हात ठेवला. पण पोर रडायची थांबेना, तेव्हा ती उठली आणि भीमाच्या भोवतीनं फिरून त्याच्या खांद्याआडून मुलीकडं बघत राहिली.

भीमानं मुलगी उजव्या खांद्यावर घेतली. मथुराबाईही त्या अंगाला सरकली. त्या अंगाला डोळा नव्हता. आई कुठं उभी आहे ते त्याला आता दिसत नव्हतं.

"सोजर," त्यानं बायकोला हाक मारली, "हितं ये. माज्याजवळ थांब."

सोजर आली आणि त्याच्या आंधळ्या अंगाला उभी राहिली.