तपासलेली प्रत

मुद्रितशोधकांच्या घरी चार दिवसांपासून एक पत्र न वाचलेले पडले होते. पत्र त्यांच्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे. पत्नीची दृष्टी मंदावलेली. भिंगातून एकेक अक्षर दिसे, पण ओळ हाती लागत नसे. म्हणून सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी घरच्या संगणकावर सर्व्हर सांभाळण्याची विद्या श्रद्धेने आत्मसात केली होती. पत्राचे छायाचित्र त्यावर चढवले, की एक छोटा प्रोग्रॅम पुसट अक्षरे ठसठशीत नि काळीभोर करून पडद्यावर मांडत असे. परंतु गेल्या आठवड्यात सर्व्हरची नवी आवृत्ती बसवली आणि चित्रे हाताळणारे एक्स्टेन्शन, म्हणजे त्याचा जोडभाग, लोडच होईना.

“मी वाचून दाखवतो ना,” ते म्हणाले.

“नको. तुमच्या तोंडून ऐकलं की ती तुमची मेहुणी होते. मला माझी बहीण हवीय.”

त्यांनी सेटिंगची फाइल पुन्हा उघडली. एक्स्टेन्शनचे नाव अचूक, फोल्डरचा पत्ता बिनचूक. काना-मात्रा पाहण्यात हयात गेलेल्या डोळ्यांना दोष म्हणून सापडेना. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. तरी तोच नकार.

“नीट तपासलंत?”

“अगं, पाच वेळा!”

“ते जाडं व्याकरणाचं पुस्तकही पाच वेळाच तपासलं होतंत,” ती हसली. “आणि छापखान्यानं छापली भलतीच प्रत.”

त्यांचा हात थबकला. फाइल निर्दोष होती. पण सर्व्हर तीच वाचतो का, हे त्यांनी विचारलेच नव्हते. त्यांनी सर्व्हरचे माहितीचे पान उघडले. तेथे स्वच्छ लिहिले होते: तो वाचत होता नव्या आवृत्तीच्या फोल्डरातली दुसरीच फाइल.

“काखेत कळसा!” ते पुटपुटले. त्या फाइलमध्ये एक्स्टेन्शनच्या नावाची एक ओळ लिहून त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला.

पडद्यावर बहिणीचे तिरके, घाईचे अक्षर सावकाश उमटले. पत्नी पुढे वाकली. ते हलकेच उठले.

“कुठे निघालात?”

“पत्र तुझं आहे.”

ती बोट फिरवीत वाचत राहिली. मध्येच हसली, मध्येच पदराने डोळे टिपले. ते दाराशी उभे होते.

अखेर तिने शेजारची खुर्ची ओढली.

“या, बसा. आता मी तुम्हाला वाचून दाखवते.”