पुस्तकाशी भांडण

रावेरजवळच्या त्या खेड्यातल्या शाळेत प्रमिलाबाईंचा वर्ग असा धडाधड वाचायचा की ऐकणाऱ्यालाच दम लागावा. गेल्या साली तपासणीला आलेले दिपोटीसाहेब आधी खूश झाले. मग त्यांनी वर्गातल्या शेवंताला विचारलं, "धड्यात काय झालं?" तर पोरीनं धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केला! साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'नुसती पोपटपंची.' बाई धुळ्याहून नोकरीसाठी आलेल्या, अजून कायम न झालेल्या. यंदाही असाच शेरा आला तर घरी जावं लागेल, असं त्यांना बजावलं गेलं.

मग बाईंनी एक खूळ काढलं. पान वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि आईला सांगतो तसं, घरच्या बोलीत सांगायचं. हेडमास्तर तोताराम गुरुजी कपाळाला हात लावत. पण मुलांना काय कंठ फुटला म्हणता! सुरुवातीला बाईंनाच निम्मं कळेना. मुलं त्यांना आपले शब्द खुशाल शिकवत, आणि बाईंना त्याची भारी गंमत वाटे.

यंदा साहेबांनी मुलांनी कधी न पाहिलेलं पुस्तक पुढे केलं. एक मुलगा मळ्यात जातो, झाडावर पिकलेला पिवळाधमक घड बघतो, केळं तोडून खातो. शेवंता अडखळत, थांबत वाचत होती. गेल्या सालचा तो वेग कुठे गेला? बाईंचा जीव टांगणीला लागला.

"काय कळलं?" साहेबांनी विचारलं.

शेवंतानं पुस्तक मिटलं. "हे खोटं आहे."

गुरुजींनी डोळे वटारले.

"घड झाडावर कोन पिकू देतं? आबा हिरवाच कापता. मंग खोलीत कोंडून धुरी देता, तवा पिवळा होतो. हा पोऱ्या केळीच्या मयातला नाही, बजारातला दिसतो!"

"पाखरं ठेवतीन का?" मागून चिंधा ओरडला. सगळा वर्गच पुस्तकावर तुटून पडला.

"अरे, एखादा घड राहिला असेल चुकून," साहेब चाचरत म्हणाले.

"मंग तसं लिव्हायचं ना!"

साहेब पोट धरून हसले. त्यांनी शेरेबुक मागवलं, लिहिलं आणि बाईंकडे दिलं. बाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मुलं घाबरली. बाईंनी शेरेबुक शेवंतापुढे धरलं.

"मुले पुस्तकाशी भांडतात. बाईंस कायम करावे," तिनं सावकाश वाचलं. मग वर्गाकडे वळून ओरडली, "बाई कुठी जात नाही रे आता!"