साधे दाणे

"कपाटातल्या डांबराच्या गोळ्या कुठे गेल्या?"

धूरकाकांनी हे विचारलं तेव्हा त्यांचं अर्धं अंग कपाटात होतं आणि हातात स्वतःचाच जुना स्वेटर होता. स्वेटरच्या घडीत एक कापडी पुरचुंडी निघाली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि चटका बसल्यासारखी लांब धरली.

"काढून टाकल्या," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्यात वाळवलेला पुदिना आहे, आणि रोझमेरी. त्यानंही कसर लागत नाही म्हणे."

"म्हणे? कोण म्हणे?"

आत एक भांडं जरा जास्तच वेळ घासलं गेलं.

"खालचे सर."

काकांनी पुरचुंडी जिथे होती तिथे ठेवली आणि कपाटाचं दार लावलं. जरा जोरात लागलं ते.

सगळी इमारत त्यांना धूरकाका म्हणायची. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कोण थांबतो? नगरपालिकेच्या कीटकनाशक विभागात त्यांनी उभी हयात काढली. डासांच्या दिवसांत पाठीवर धुराचं मशीन बांधून गल्ल्या पिंजून काढायच्या, गटारांवर औषध मारायचं, गोदामांत उंदरांसाठी विष मांडायचं. पोरं धुरामागून ओरडत पळायची आणि आया त्यांना ओढून घरात न्यायच्या. घरी आल्यावर दाराशीच कपडे उतरवून वेगळ्या बादलीत टाकायचे, मग अंघोळ, आणि मग मुलीला उचलून घ्यायचं. तोवर मुलगी बहुतेक वेळा झोपलेली असायची. अंघोळ कितीही घासून केली तरी औषधाचा वास पुरता जात नसे. काकूंना तो सोसायचा नाही. तसं त्या कधी बोलून दाखवत नसत. झोपताना मात्र त्यांची कूस कायम खिडकीकडे असायची.

निवृत्तीनंतर इमारतीची फवारणी काकांकडेच आली. त्यात मिळकत नावापुरती होती, पण "काका, झुरळं झालीत हो, या ना!" असा फोन आला की ते पायांत चपला सरकवून निघालेलेच असत. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, याचं सुख मोठं असतं.

आणि मग तळमजल्यावर चित्रकलेचे सर राहायला आले. एकटे, विधुर, बोलण्यात मऊ. मागच्या अंगाला जमिनीची एक पट्टी होती, जिथे आजवर फुटक्या फरशा आणि मोडक्या सायकली पडून असत. सरांनी ती साफ केली. टोमॅटोच्या ओळींमधून झेंडू लावला, भिंतीच्या कडेनं लसूण, गटाराच्या तोंडाशी गवती चहा. पुदिना मात्र रंगाच्या रिकाम्या डब्यांत. "याला जमिनीत मोकळा सोडला तर हा सगळ्यांच्या डोक्यावर बसेल," ते म्हणायचे. झेंडूमुळे टोमॅटोला कीड कमी लागते, लसूण आणि पुदिन्याच्या वासानं उंदीर लांब राहतात, संध्याकाळी गवती चहाची पात चुरगाळून अंगाला चोळली की डास जवळ येत नाहीत, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. काकू एकदा त्यांचं चुकून आलेलं टपाल द्यायला खाली गेल्या, आणि मग संध्याकाळच्या जातच राहिल्या.

काका गॅलरीतून बघायचे. बघायचं नाही असं ठरवून बघायचे. काकूंना हसताना तोंडावर हात धरायची सवय होती, लग्नाच्या फोटोतसुद्धा तसाच हात होता. खाली त्यांचे दोन्ही हात मातीत होते म्हणून असेल, पण एका संध्याकाळी सर काहीतरी बोलले आणि काकू मान मागे टाकून खळखळून हसल्या. वरून त्यांचे दात दिसले. बायकोची एक दाढ पडलेली आहे हे काकांना त्या दिवशी कळलं.

"काय बोलता एवढं तुम्ही?" त्या वर आल्यावर त्यांनी विचारलं.

"झाडांचं."

"झाडांचं एवढं हसायला येतं?"

"येतं कधी कधी." काकूंनी हात धुतले. तरी बोटांना पुदिन्याचा वास होताच. जेवताना ताटावरून तो काकांपर्यंत आला आणि त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

पुढच्याच आठवड्यात इमारतीची बैठक झाली. सेक्रेटरी घसा खाकरत म्हणाले, "काका, रागावू नका हं. यंदा फवारणी नको असं सगळ्यांचं मत पडतंय. पहिल्या मजल्यावरच्या बाळाला त्या वासानं खोकला होतो. सर म्हणतात, मजल्या-मजल्यावर कुंड्या ठेवू. बघू या तरी."

"काका, पुदिन्यानं तुमची नोकरी खाल्ली की!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

सर हसले नाहीत. "काकांच्या अनुभवाचा आपल्याला उपयोगच होईल," ते म्हणाले. त्यापेक्षा ते हसते तर बरं झालं असतं.

"सर," काका म्हणाले, "उंदराला जसं नाक असतं तसं पोटही असतं, हे विसरू नका."

हे बोलताना त्यांची नजर काकूंकडे गेली. काकू सरांकडे बघत होत्या. काळजीनं बघत होत्या, आणि तेच काकांच्या जिव्हारी लागलं.

उंदीर मारणाऱ्याचं काम विषापासून सुरू होत नाही. उंदीर मोठा संशयी जीव. नवी वस्तू दिसली की तो तिला वळसा घालून जातो. म्हणून आधी काही दिवस त्याच्या वाटेवर साधे दाणे ठेवायचे, विष न लावलेले. तो हुंगतो, मागे सरतो, पुन्हा येतो, एखादा कुरतडून बघतो. काही होत नाही असं दिसलं की मित्रमंडळींना घेऊन येतो. विश्वास बसला की मगच विषाचे दाणे. ज्याला एवढी वाट बघायचा धीर नाही त्यानं या धंद्यात पडू नये, असं काका नव्या पोरांना सांगत असत.

सर दुपारी वाचनालयात जात. इमारत तेव्हा पेंगत असे. काका खिशात मूठभर गहू घेऊन खाली उतरले. गटाराच्या जाळीपासून भिंतीच्या कडेनं, लसणाच्या ओळीमागून, पुदिन्याच्या डब्यांच्या आडोशानं त्यांनी दाणे पेरत नेले. हात सराईत होता. आपण काय करतोय हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दाणे तसेच होते, तिसऱ्या दिवशी थोडे कमी झाले, आणि मग एकही उरेना. काका मूठ वाढवत गेले.

आठवडाभरात बागेची रया गेली. टोमॅटो अर्धे खाल्लेले, झेंडूची रोपं मुळापासून उकरलेली, बागेतल्या बाकावर लेंड्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या पायावरून जिन्यात भरदिवसा एक उंदीर गेला आणि त्यांची किंकाळी रस्त्यापर्यंत ऐकू आली. सर उकरलेल्या वाफ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि स्वतःशीच पुटपुटत, "वास तर येतोय. मग चुकतंय कुठे?"

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. "काका, चुकलंच आमचं. तुम्हीच या बाबा आता."

काकांनी माळ्यावरून पेटी काढली. विषाची पुडी, हातमोजे, पत्र्याच्या छोट्या ताटल्या. ताटल्या पुसता पुसता ते शीळ घालत होते. कित्येक वर्षांत त्यांनी शीळ घातली नव्हती.

काकू दारात उभ्या होत्या. "विष मांडणार?"

"मांडावंच लागणार. बघितलंस ना काय झालंय ते?"

"म्हणजे साधे दाणे घालून झाले तुमचे."

शीळ थांबली.

"डब्यातले गहू रोज खाली जातायत," काकू म्हणाल्या, "ते मला दिसत नाही होय? एवढी वर्षं संसार केला तुमच्याशी. उंदराचा विश्वास कसा मिळवायचा, ते जेवताना तोंडी लावायला होतं आपल्याकडे."

काकांनी ताटली खाली ठेवली. "सांगितलंस त्यांना?"

"नाही."

"का नाही सांगितलंस? रोज तर गप्पा चालतात."

"नवऱ्याची चहाडी करायला जात नाही मी तिथे." काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "त्या उंदराला मारायचं असतं तरी तुम्ही आधी त्याच्या कलानं घेता. दाणे घालता, वाट बघता. मला एकदा तरी नीट विचारलंत का हो, की अगं, तू खाली का जातेस?"

"का जातेस?"

"तिथे श्वास घेता येतो."

त्या उठून आत गेल्या. काकांनी हातमोजे पेटीत ठेवले. मग त्यांनी मान वाकवून स्वतःच्या खांद्याचा वास घेतला. औषधाचा तो वास त्यांना आलाच नाही. तो त्यांना कधीच यायचा नाही.

सकाळी ते सरांच्या दारात उभे राहिले.

"सर, ते उंदीर मी बोलावले. दाणे घालून."

सरांनी वळून बागेकडे पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "आणि मी समजत होतो, माझा लसूणच मेला कुचकामी निघाला."

"शिव्या द्या मला."

"दिल्या असत्या. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर नक्की दिल्या असत्या. तुम्ही स्वतः आलात, आता कशा देऊ?"

काकांना संताप आला. भांडण त्यांना झेपलं असतं, कदाचित जिंकताही आलं असतं. या माणसाचा चांगुलपणा मात्र त्यांना परवडणारा नव्हता. ते बागेत गेले, गुडघ्यांवर बसले आणि कोपऱ्यांत राहिलेले दाणे वेचू लागले. मग त्यांनी सिमेंटमध्ये काचांचा चुरा कालवला, बिळं एकेक करून बुजवली, गटाराला बारीक जाळी ठोकली. विष मांडलं नाही. सेक्रेटरींनाही जे होतं ते सांगितलं आणि फवारणीचा पंप भंगारात देऊन टाकायला सांगितला. जिन्यात दोन दिवस कुजबुज झाली. नंतर लोकांना दुसरे विषय मिळाले.

काका दाणे वेचत होते त्या सकाळी काकू बागेत चहा घेऊन आल्या. दोन कप होते. कप आधी सरांपुढे गेला. ते पाहुणे नव्हते, वडीलधारेही नव्हते, तरी आधी त्यांच्यापुढे गेला. काकांना ते पाहायचं नव्हतं. त्यांनी पाहिलं.

पुढच्या हिवाळ्यात काकू छातीच्या दुखण्यानं गेल्या. डॉक्टरांनी दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं. ते कशामुळे होतं, हे विचारायचं काकांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही, आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही.

काकूंना पोहोचवून सगळे परतले तेव्हा सर जिन्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. शेजारच्या बायकांनी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. काका त्यांच्या शेजारून वर गेले, कोरडे, ताठ. रडायचा हक्क आपला, आणि रडू मात्र या माणसाला फुटावं! त्या दिवशीही त्यांना हेच सुचलं, आणि सुचलं म्हणून स्वतःची शिसारी आली. मुलगी आली, पंधरवडाभर राहिली. "बाबा, माझ्याकडे चला," म्हणाली. "बघू," ते म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला हे 'बघू' लहानपणापासून ठाऊक होतं.

घर गप्प झालं. काकांच्या लक्षात येऊ लागलं की त्यांच्याजवळ काकूंची वाक्यं फार थोडी आहेत. जेवायला चला. किल्ली घेतलीत का? कपडे बादलीत टाका. तीच तीच आठवून झाली.

एका संध्याकाळी ते खाली उतरले. सर टोमॅटोला काठ्या बांधत होते. काका वाफ्याच्या अलीकडे थांबले.

"सर, ती इथे काय बोलायची?"

सरांनी सुतळी खाली ठेवली. "झाडांचंच बहुतेक."

"ते तीही सांगायची. दुसरं?"

सरांनी आठवून बघितलं. "पोहण्याबद्दल बोलायच्या कधी. लहानपणी गावाबाहेरच्या तळ्यात पोहायच्या ना त्या. भावांबरोबर शर्यत लावायच्या, आणि पुढे जायच्या म्हणे."

"पाण्याला भ्यायची ती," काका म्हणाले. नदीवर गेले की ते तिचं कोपर घट्ट धरून ठेवायचे. ती कधी घोट्याच्या वर पाण्यात गेली नव्हती.

"असं?" सर अवघडून म्हणाले. "मला नाही तसं बोलल्या."

छातीत जुन्याच जागी, जुनंच काहीतरी पेटलं. एवढं मोठं तळं या परक्या माणसाला देऊन टाकलं होतं तिनं, आणि त्यांच्या वाट्याला किल्ली आणि बादली. जिना मागेच होता. पाच पावलांवर.

काका खाली बसले. गुडघे कुरकुरले. झेंडूच्या ओळीत तण माजलं होतं, त्यातलं एक त्यांनी मुळासकट उपटलं, मग दुसरं.

"कुठल्या भावाच्या पुढे?" काकांनी मान वर न करता विचारलं. "मोठ्या, की धाकट्या?"