दंडाची पट्टी

मयूर गेला तेव्हा त्याच्या कार्डावर हिरवा शिक्का होता. हिरवा म्हणजे मूल सुदृढ, त्याला आमच्या संस्थेच्या पाकिटांची गरज नाही. मी त्या संस्थेची मुख्य कार्यकारी अधिकारी. नाशिकच्या ऑफिसात माझ्या दारावर तशी पितळी पाटी आहे. ती लावून घेताना मला लाजबीज काही वाटली नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी मी पेठच्या पलीकडच्या मयूरच्याच पाड्यावर साधी कार्यकर्ती होते. पोरांच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची, माप लाल रंगात आलं, म्हणजे दंड फारच बारीक भरला, तरच पोषक आहाराची पाकिटं मिळायची. थोडक्यात हुकलेली पोरं तशीच उपाशी. मग मी पट्टी जराशी आवळायला लागले. ठमाबाई तिथलीच, माझ्या हाताखाली तयार झालेली. तिलाही मीच शिकवलं. पाप तर वाटलं नाहीच, वर शहाणपणाचा तोरा होता.

पुढे बढत्या मिळत गेल्या, पाडा सुटला. गेल्या वर्षी देणगीदारांना काम दाखवायचं होतं. घोटीच्या मेळाव्यात मी सगळ्या कार्यकर्त्यांना बजावलं, यंदा मला पाडे हिरवे दिसले पाहिजेत. सहा महिन्यांत ठमाबाईचा अख्खा पाडा हिरवा. मी तिला स्टेजवर बोलावून साडी दिली आणि तिथली पाकिटं दुसऱ्या तालुक्यात हलवली.

आणि आता हे. मयूर, दोन वर्षांचं पोर, साध्या जुलाबाने गेलं. मी पोचले तेव्हा त्याची आई लंकाबाई दारात बसली होती. तिने कार्ड माझ्या हातात दिलं आणि विचारलं, हे परत करायचं असतं का. सगळा राग मी ठमाबाईवर काढला, तिला बाजूला घेऊन नको ते बोलले. तिने मान खाली घातली नाही.

"तवा तुमाला लाल पायजे व्हता, मी पट्टी आवळली," ती म्हणाली. "मागल्या साली हिरवा मागितला, ढिली सोडली. मला वाटलं, ताई सांगत्यात म्हंजे पोरांच्या भल्याचंच असंल."

मी पट्टी घेतली आणि स्वतः मोजायला बसले. अकरा पोरं लाल निघाली. नाशिकला हर्षलला फोन लावला. पाकिटांचं काम तोच बघतो. त्याने अदबीने सांगितलं की पाकिटं तिकडे वाटून संपली. या पाड्याची पाकिटं बंद केल्याच्या कागदावर माझीच सही होती. नवी मंजुरी यायला चार महिने लागणार होते.

"मॅडम, तोवर थांबतील ना ते?" त्याने विचारलं.

फोन ठेवून वळले तर शेजारच्या पाड्यातल्या बायाही पोरं घेऊन आल्या होत्या. ताई पट्टी घेऊन बसल्या म्हणजे पाकिटं आली, एवढंच त्यांना माहीत. लंकाबाई उठून त्यांना ओळीत उभं करत होती, झबल्यांच्या बाह्या वर सारत होती.

मी पुढचा दंड हातात घेतला. तो लाल आहे हे नुसतं बघूनच कळत होतं, मोजायची गरजच नव्हती. तरी मी मोजला, कारण द्यायला काही नाही हे त्या बायांना सांगायची माझ्यात हिंमत नव्हती.