बोलत चालवायची गाडी

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलसमोर टॅक्सीस्टँड आहे. तिथे सकाळी उभं राहिलं की आपल्याला एकाचे चार दिसायला लागलेत की काय अशी शंका येते. सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या आणि बहुतेक पांढऱ्या. पुढे आखूड नाक, मागे वर उघडणारं दार, आत चौघं आरामात आणि पाचवा कुरकुरत. स्कूलच्या गाड्याही त्याच. स्कूल खरं तर मालकाचं, माझे बाबा तिथे शिकवतात. पण मी 'आमचं'च म्हणते.

वर्षापूर्वी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज बुटात जायचा. मग वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी मला जबरदस्तीनं उभं केलं आणि मी चक्क पहिली आले! तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. आई म्हणते, "हिचं बटण कुठंय ते तरी सांगा कुणीतरी." पुढच्या फेरीचा विषय होता, रोजच्या वापरातली एखादी साधी वस्तू लोकांना एवढी का आवडते. मी म्हटलं, ही गाडीच घेऊ. आणि वही घेऊन थेट स्टँडवर गेले.

तिथे बॉनेटकाका जेवत होते. ते डबा नेहमी स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवूनच खातात, म्हणजे अन्न गरम राहतं.

"काका, हीच गाडी का?"

"अगं, हिच्यात आहेच काय बिघडायला? आणि बिघडली तरी पार्ट सगळीकडे मिळतात. औषधाच्या दुकानात तेवढे ठेवत नाहीत अजून." मग बोटं चाटत म्हणाले, "क्लच असा मऊ, की तू चुकलीस तरी ती सांभाळून घेते. गल्लीत अडकली तरी जागच्या जागी वळते. आणि विकायला काढ, संध्याकाळपर्यंत दारात गिऱ्हाईक. माझी बायको म्हणते, तुमच्यापेक्षा हिलाच जास्त मागणी आहे."

बाकीचे ड्रायव्हर फिदीफिदी हसले. मी सगळं उतरवून घेतलं आणि घरी येऊन तोच प्रश्न बाबांना विचारला.

बाबा बोलताना मान जरा तिरकी करतात. फोटो काढायला बसल्यासारखे. हल्लीहल्लीच ही ऐट आली होती, आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो. तशीच मान करून ते म्हणाले, "ही गाडी काही लपवत नाही म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे गिअर चुकला की पायाला कळतं. टायरमधली हवा कमी झाली की बुडाला कळतं. इंजिन दमलं की कानाला कळतं. मालक त्या नव्या गाड्या आणायच्या म्हणतोय ना, त्या गुपचूप असतात. कापसाच्या गादीत बसल्यासारखं वाटतं. माणसाला काही पत्ताच लागत नाही."

टाळ्यांचं वाक्य! मी वहीत त्याच्याभोवती चौकट काढली.

त्याच महिन्यात मला अठरावं पूर्ण होऊन शिकाऊ लायसन मिळालं आणि बाबांनी मला शिकवायला घेतलं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा गडबडला तर मास्तर तिथून गाडी थांबवतो. बाबांची पद्धत अख्ख्या भागात गाजलेली होती. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी ती सुरू केली आणि तेव्हापासून लोक नाव सांगून त्यांनाच मागायचे. पद्धत सोपी होती. बोलत चालवायचं. समोर जे जे दिसतंय ते मोठ्यानं म्हणायचं. "पुढे सायकल. डावीकडून म्हातारे आजोबा. सिग्नल पिवळा, लाल." बोललं की लक्ष रस्त्यावर राहतं, असं बाबा सांगायचे. आणि मला तर काय, बोलायचे पैसे द्यावे लागले असते तरी मी दिले असते.

"पुढे एक बाई, छत्री मिटलेली, चेहरा असा की आत्ताच कुणाशी तरी भांडून आलीय."

"चेहरा नको. किती लांब आहे ते सांग."

"तीन गाड्यांइतकी."

"मग क्लच दाब. अजून. हां, आता ऐक तिचा आवाज." बाबा डोळे अर्धवट मिटून बसलेले असायचे. मला वाटायचं, काय भरवसा आहे माझ्यावर!

उपान्त्य फेरीत मी घसा फाडून भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी आवाज गुल. पार फुस्स. तरी मी गाडी शिकायला गेले. खुणेनं सांगितलं, आज बोलणार नाही. बाबांनी काही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, रागावले.

पिठाच्या गिरणीजवळच्या वळणावर कचऱ्याचा ट्रक रस्त्यात आडवा उभा होता. केवढा तरी मोठा, हिरवा, वास मारणारा. मी मनात म्हटलं, बघू या बाबा कधी ब्रेक म्हणतात. ते म्हणेनात. ट्रक काचेत मावेना एवढा जवळ आला, तेव्हा मीच कचकन ब्रेक मारला.

बाबा म्हणाले, "का थांबलीस?"

मला आधी वाटलं, गंमत करतायत. ट्रकचा फळा आमच्या नाकासमोर होता. त्यावर कुणीतरी खडूनं मिशीवाला माणूस काढला होता, मला त्याची एकेक मिशी दिसत होती.

"इंजिन छान चाललं होतं. का थांबलीस, बाळा?"

मी हात त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. अगदी मधोमध. त्यांची पापणीही हलली नाही. मग हात हळूहळू बाजूला नेला, कानाच्या जवळ, तेव्हा त्यांनी तो पकडला.

"मधलं गेलंय," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. म्हणून चालताना धडपडत नाही मी. पण ज्याच्याकडे बघावं, तेच नसतं."

ट्रक निघून गेला. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून आमच्या बाजूनं जात होते.

"डॉक्टर?" माझ्या घशातून नुसती हवा आली, पण त्यांना कळलं.

"दाखवलंय. परत येणार नाही म्हणाले. या गाडीत मला बघावं लागत नाही गं. बाकीचं पोरं सांगतात, आणि उरलेलं ही सांगते." त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, एखाद्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

गाडी काही लपवत नाही म्हणे! मला ओरडायचं होतं आणि आवाज नव्हता.

घरी आईला सांगायला गेले तर ती इस्त्री करत होती आणि तिचा हात थांबलाही नाही. तेव्हा समजलं, तिला माहीत आहे.

"कागदावर लिहून देऊ नकोस मला काही," ती म्हणाली, कारण मी वही काढली होती. "नव्या गाड्या आल्या की ते आपणहून सोडणार आहेत. तोपर्यंत घर चालू दे. तू तेवढी गप्प बस."

"आणि कुणाला लागलं तर?" मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"आजवर ओरखडा नाही. सगळे बोलतात ना मोठ्यानं."

सगळे बोलत नव्हते. गचका मावशी बोलत नव्हत्या.

गचका मावशी म्हणजे आईच्या वयाच्या, वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या बाई. क्लच असा सोडायच्या की गाडी बेडकासारखी उडी मारायची, म्हणून हे नाव. त्यांनी स्वतःच ते ऐकून हसून मान्य केलेलं. सगळा जन्म 'शू, हळू बोला' म्हणण्यात गेल्यामुळे की काय, त्यांचा आवाज उशीखालून आल्यासारखा होता. आणि घाबरल्या की तेवढाही बंद. बाबांनी आतापर्यंत त्यांना मोकळ्या मैदानावरच फिरवलं होतं. आता त्यांची रस्त्यावरची पाळी होती.

मग मला ती भन्नाट आयडिया सुचली. मी मागच्या सीटवर बसायचं! मावशींचा शिकवणीचा वेळ माझ्या शाळेआधीचा. मी म्हणाले, "मावशी, माझ्या बोलण्याचा सराव होईल, तुम्हाला धीर येईल." आवाज परत आला होता. मी मागून धावतं वर्णन करायचे, "पुढे दूधवाला, थांबा, आता जाऊ द्या," आणि बाबा शेजारून ब्रेकवर पाय ठेवून ऐकायचे. मावशी म्हणायच्या, "तू असलीस की मला आरशातसुद्धा बघावं लागत नाही गं." बाबा आरशाच्या दिशेला मान तिरकी करून हसायचे. मला वाटलं, जमलं. मी अख्खं घर एकटीनं तोंडावर पेलतेय असं वाटायचं. आणि खोटं कशाला बोलू, ते वाटणं मला आवडत होतं.

त्या सकाळी माझा भौतिकशास्त्राचा पेपर होता.

पुस्तक मांडीवर होतं. गोदामांच्या गल्लीतून आम्ही चाललो होतो. एका बाजूला लांबलचक भिंत आणि रस्ता रिकामा. मी म्हटलं, "मोकळं आहे, सरळ." आणि खाली बघितलं. एकच सूत्र बघायचं होतं. ते मला आजही पाठ आहे, पण लिहिणार नाही.

भिंतीतल्या एका गेटातून पाण्याचे जार पोचवणारा माणूस हातगाडी ढकलत बाहेर आला. मावशींनी त्याला बघितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या तोंडून काहीच आलं नाही, आणि ब्रेकवर जायचा पाय दुसरीकडेच पडला. इंजिन किंचाळलं. बाबांनी ते ऐकून ब्रेक दाबला. पण ती किंकाळी आणि भिंत यांच्यामध्ये फार जागा नव्हती.

जार फुटून पाणी सगळीकडे पसरलं. तो माणूस भिंतीला टेकून बसल्यासारखा दिसत होता. त्याचा एक पाय गाडीच्या नाकामागे, भिंतीशी अडकला होता. तो अगदी साध्या आवाजात म्हणत होता, "मागे घ्या. मागे घ्या जरा."

"काय झालं?" बाबा विचारत होते. "समोर काय आहे? कुणीतरी बोला!"

मी गाडी मागे घेतली. मावशींना खाली उतरवून, मीच. अर्धा क्लच, हळूहळू, गचका न देता. बाबांनी शिकवलं होतं तसं.

दुपारी आम्ही पोलीस चौकीत बसलो होतो. मावशींच्या हातातला रुमाल भिजून दोरीसारखा झाला होता. त्या साहेबांना सांगत होत्या, "माझीच चूक. मी घाबरले. मास्तरांनी ब्रेक मारला म्हणून तेवढ्यावर तरी निभावलं. त्यांच्यामुळे वाचला तो." हॉस्पिटलमधून निरोप आला होता, पाय गुडघ्याखाली ठेवता येणार नाही. बॉनेटकाका धावत आले होते. ते बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, गाडीची काळजी करू नका. बंपर गेलाय फक्त. संध्याकाळपर्यंत नवीन बसवून देतो, कुठल्याही दुकानात मिळतो."

त्यांचा हेतू चांगला होता.

साहेबांनी लिहायला घेतलं. शिकणाऱ्या बाईंचा निष्काळजीपणा. बाबांनी ते लिहू दिलं. आई दाराशी उभी होती, इस्त्री अर्धवट टाकून आलेली, आणि माझ्याकडे बघत होती. एवढं रोखून बघितलं नव्हतं तिनं माझ्याकडे कधी. मावशींनी सही करायला पेन घेतलं. उद्यापासून त्या वाचनालयात आणखी हळू बोलल्या असत्या. आणि परवापासून बाबा नव्या बंपरच्या गाडीत, कुणातरी पोराच्या शेजारी.

"तू मागे बसली होतीस ना?" साहेबांनी मला विचारलं. "तुला काय दिसलं?"

स्पर्धेत उभं राहिल्यावर मला पहिलं वाक्य नेहमी आपोआप सुचतं. या वेळी काही सुचलं नाही. मग मी डोळ्यांसमोर होतं तेच म्हणायला सुरुवात केली, मोठ्यानं, सावकाश, गाडीत म्हणायचे तसं.

"समोर टेबल आहे. टेबलापलीकडे तुम्ही. डावीकडे मावशी, त्यांच्या हातात पेन. त्यांनी सही करू नये. उजवीकडे माझे बाबा. त्यांना समोरचं काहीच दिसत नाहीये. सकाळीही दिसत नव्हतं. ते मला माहीत होतं, आणि मी पुस्तकात बघत होते."

आईनं तोंडावर हात ठेवला. बॉनेटकाका म्हणाले, "अगं पोरी, काय बोलतेस तू," आणि मग बाबांकडे वळून बघायला लागले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. टेबलावरून वाकून त्यांनी बाबांच्या तोंडासमोर हात हलवला, मी हलवला होता तसाच.

बाबांनी माझ्यापासून मान फिरवली. पार खिडकीकडे. मावशी हुंदका देऊन म्हणाल्या, "बघ, बाप तोंडही बघेना तुझं."

पण मला ठाऊक होतं. माणूस बघायचा असेल तर त्यांना असंच दुसरीकडे वळावं लागतं. ते खिडकीकडे तोंड करून डोळ्याच्या कडेनं माझ्याकडे बघत होते, बराच वेळ, आणि मी हलले नाही.