मैदानभर एकच नाव

अरुणकुमार खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. बसस्टँडवर माणूस बसतो तसे. गाडी दिसली की उठायचं. समोर जुनवानी वस्तीचं मैदान गाण्यांच्या कार्यक्रमाला जमलेल्या पोरापोरींनी फुलून गेलं होतं, पण शैलाताईंची नजर गर्दीपेक्षा नवऱ्याच्या गुडघ्यांवरच होती. उठतील की काय!

पीयूषनं रायपूरची नोकरी सोडून संगीत करायचं ठरवलं, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. एकाच ताटलीकडे दोघांचे हात जायचे आणि अरुणकुमार बायकोला सांगायचे, "त्याले म्हण, पोळी थंडी होऊन राहिली." आज मोठ्या मिनतवारीनं शैलाताईंनी त्यांना इथं आणलं होतं. पोराचं काम एकदा डोळ्यांनी बघावं, दोन शब्द बोलावेत, एवढीच त्यांची आस.

"डीजेच ना थो?" अरुणकुमार म्हणाले. "वरातीत ट्रकवर असते तसा?"

"डीजे नाही हो, प्रोड्यूसर. दुसऱ्याचं वाजवत नाही, स्वतः बनवते."

"कशाचं? ना पेटी, ना तबला."

शैलाताईंनी बालवाडीत जन्म घालवला होता; न कंटाळता समजावणं त्यांना जमायचं. "आधी आवाज गोळा करते. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, मालगाडीचे डबे जोडतानाचा दणका. मग त्याचे तुकडे करते, कणकेसारखे ताणते, ठेक्यावर बसवते. ठेका चढवत न्यायचा, एकदम बंद करायचा आणि लोकांनी श्वास धरला की सोडायचा. गोव्याहून, बंगळूरहून बोलावणी येऊन राहिली त्याले. सारे म्हणतात, याच्या गाण्यात याचं गाव वाजते."

"गाव वाजते म्हणे," अरुणकुमार पुटपुटले. पण गुडघे जरा सैलावले.

मंचावर पीयूष आला. ठेका सुरू झाला आणि पायाखालची जमीन हलू लागली. कुकरची शिट्टी लांबत लांबत आभाळाला भिडली. मग सगळं थांबलं.

त्या शांततेत एक बाई बोलली.

"लोखंड तापून लाल झालं, लाटले त्याचे रूळ..."

शैलाताईंनी चमकून भोंग्यांकडे पाहिलं. तो त्यांचाच आवाज होता.

संक्रांतीला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, मैत्रीण गीतांजलीच्या घरी हळदीकुंकू होतं. बायकांनी हट्ट धरला म्हणून त्यांनी नवऱ्याच्या रुळांच्या कारखान्यावरून उखाणा घेतला होता. न्यायला आलेला पीयूष दारात मोबाइल धरून उभा होता. काढत असेल फोटो, असं त्यांना वाटलं होतं.

पुढची ओळ कोणती, हे मंचावरच्या पीयूषखेरीज सबंध मैदानात फक्त त्यांना ठाऊक होतं. "बंद कर रे!" त्या ओरडल्या, पण ऐकतो कोण?

"अरुणकुमार... अरुण... अरुण... अरुणकुमार!"

धाडकन ठेका कोसळला आणि हजारभर पोट्टे उड्या मारत तेच नाव ओरडू लागले. ज्या बाईनं नवऱ्याचं नाव सासू असताना घेतलं नाही, सासू गेल्यावर घेतलं नाही, दवाखान्याच्या खिडकीवरही ते सांगायला लेकाला पुढे केलं, तिच्याच तोंडून ते नाव भोंग्यांतून जुनवानीभर फुटत होतं. शैलाताईंनी पदर तोंडात कोंबला. नवऱ्याकडे बघायची छाती होईना.

अरुणकुमार उठून उभे राहिले.

संपलं, शैलाताईंना वाटलं. आता हे जातील आणि पोराचं तोंड कधी पाहणार नाहीत.

गाणं संपताच पीयूष घामेजलेला, हसत धावत आला. "आई, कैसा लगा?"

शैलाताईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "बापाचं नाव घ्यायले लावलं मले, चारचौघांत!"

"मतलब?" पीयूषचं हसू मावळलं. "तू नाव नाही घेत?"

"कधी ऐकलं तू?"

तो आठवू लागला. एकाच घरात वाढलेला पोरगा आपल्या आईच्या तोंडून 'अहो'शिवाय काही आठवेना म्हणून भांबावून उभा राहिला. "आई, सच्ची, माझ्या लक्षातच नाही आलं. आवाज मस्त होता म्हणून घेतला. सॉरी. बाबा, मी काढून टाकतो."

अरुणकुमार अजून उभेच होते. त्यांचा चेहरा भट्टीसमोर उभं राहिल्यासारखा लाल झाला होता.

"लग्नात हिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता," ते म्हणाले. बोलले ते थेट लेकाशी. "हिच्याऐवजी हिच्या मावशीनं उखाणा घेतला होता. मले वाटे, हिले माझं नाव येतच नाही."

"अहो!" शैलाताई हादरल्या.

"काढू नको," अरुणकुमार लेकाला म्हणाले. "पण इतके तुकडे कावून केले? नीट ऐकू नाही आलं मले. जा, अजून एक डाव लाव."

पीयूष हललाच नाही. बापाच्या तोंडचं वाक्य त्याच्या कानात उतरायलाच वेळ लागत होता.

"जा ना बे, पोट्टे वाट पाहून राहिले," म्हणत अरुणकुमार खुर्चीत पाठ टेकून बसले.